बांधकामाचं शेड्यूल महिन्याभरात कोलमडतं, तुमच्याकडे प्लॅनिंग नक्की कसं करतात?

खडी_वाळू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे, सात वर्षं झाली. सध्या पुनावळ्याकडे एक बिल्डिंग चालू आहे, पार्किंग आणि वर बारा मजले, स्लॅब साधारण ४५० चौरस मीटरचा, सेंट्रिंग (ओलं काँक्रीट पेलणारा तात्पुरता साचा) नेहमीचं प्लेटा-प्रॉपचं, म्हणजे पत्रे आणि खालचे टेकू, अ‍ॅल्युमिनियमचं नाही. सुरुवातीला मी एमएस प्रोजेक्ट सॉफ्टवेअरमध्ये साडेसहाशे अ‍ॅक्टिव्हिटींचं शेड्यूल केलं, सगळ्या लिंक जोडल्या, क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी) काढला, मालकांना दाखवलं, त्यांना आवडलं, मोठी प्रिंट काढून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावली. एका स्लॅबला १२ दिवस धरले होते. प्रत्यक्षात १९ लागतायत. पाच स्लॅब झालेत आणि आत्ताच ३५ दिवस मागे आहोत. दर सोमवारी मी तारखा पुढे ढकलतो, शेड्यूल पुन्हा लाल होतं, मीटिंगमध्ये साइटवाले म्हणतात प्लॅनिंगवाल्याला साइट कळत नाही आणि मी म्हणतो साइटवाले प्लॅन पाळत नाहीत. हे असं दोन वर्षं चालवायचं नाहीये मला. तुमच्या कंपनीत प्लॅन कोण करतं, कशावरून करतं, आणि मागे पडल्याचं वेळेवर कसं कळतं? सविस्तर लिहा प्लीज.

कोल्हापूरचा_ठेकेदार

भाऊ एकच विचारतो, सेंट्रिंगचे सेट, म्हंजे एका अख्ख्या स्लॅबला पुरेल एवढा माल, किती आहेत साइटवर?

खडी_वाळू

सेंट्रिंग ठेकेदाराच्या अखत्यारीत येतं ते. विचारून सांगतो... विचारलं. दीड सेट आहे म्हणाला.

कोल्हापूरचा_ठेकेदार

मग झालं की उत्तर. दीड सेटात बारा दिवसाचा स्लॅब ह्या जन्मात निघणार न्हाई, सुतार दुप्पट लावा न्हाईतर तिप्पट लावा. तुम्ही माणसं मोजली, माल मोजला न्हाई.

निवृत्त_उपअभियंता

ठेकेदार बरोबर बोलतायत, मी जरा गणित मांडून दाखवतो म्हणजे पुढच्या वेळी शेड्यूलमध्येच दिसेल. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, सेंट्रिंग खोलायचे किमान दिवस दिलेले आहेत. कॉलमच्या, भिंतीच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांत खोलता येतात. स्लॅबखालची प्लेट ३ दिवसांनी काढता येते, पण प्रॉप लगेच परत लावायचे या अटीवर. स्लॅबचे प्रॉप साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापुढे १४. बीमचे प्रॉप ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१. आणि हे सगळं साध्या ओपीसी सिमेंटसाठी, फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी वापरत असाल तर मुदत वाढवावी लागते.

आता तुमचा स्लॅब आज भरला असं धरा, शून्य दिवस. वरच्या मजल्याचे कॉलम दोन-चार दिवसांत होतील, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तुम्ही तो शिल्लक अर्धा सेट वर लावाल. उरलेला अर्धा माल कुठे आहे? खालच्या बीमखाली अडकलाय, १४ व्या दिवसाआधी सुटत नाही. १४-१५ ला तो खोलून वर चढवायचा, १६ ला बसवून लेव्हल बघायची, १७-१८ ला सळई आणि इलेक्ट्रिकचे पाइप, १९ ला काँक्रीट. तुमचे एकोणीस दिवस असे आले. तिथे कुणाचा आळस नाही, हे गणितच आहे. पूर्ण दोन सेट असते तर पुढच्या स्लॅबला खालचा माल लागतच नाही, आणि त्याच्यावरच्या स्लॅबचं काम १४ व्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं तेव्हा पहिला माल मोकळा झालेला असतो. म्हणजे १२ दिवस जमतात. शिवाय वरचा स्लॅब ओला असताना त्याखालचे दोन मजले तरी प्रॉपवर राहिले पाहिजेत, तेवढे प्रॉप जास्तीचे लागतात ते वेगळे.

माझी एक कळकळीची विनंती, हे वाचून कुणी १४ चे ९ दिवस करू नका. काँक्रीटच्या क्यूबच्या ताकद-चाचणीचे रिझल्ट हातात असतील, स्ट्रक्चरल कन्सल्टंटने लेखी दिलं असेल तरच लवकर खोला. तारीख गाठायला प्रॉप लवकर काढले आणि बीम खाली बसला हे मी नोकरीत पाहिलंय, नशिबाने त्या वेळी खाली कोणी नव्हतं.

सुपरवायझर_बीड

साहेब मी साइटवरचा माणूस, लिहायची सवय नाही तरी लिहितो. ती भिंतीवरची प्रिंट आमच्याही साइटवर हाय. तिच्यात काय लिवलंय ते मला आजवर कोणी वाचून दाखवलं नाही, मुकादमाला तर लांबच. प्लॅनिंगचे साहेब महिन्यातून एकदा येतात, मला विचारतात किती टक्के झालं, मी म्हणतो ८० झालं, ते लिहून जातात. होळीला बिहार-झारखंडकडची पोरं गावाला जातात ती महिन्याने येतात, कधी येतच नाहीत, दिवाळी-छटला तेच, आपल्याकडची बीड-परभणीची माणसं पेरणीला जातात आणि पुढं ऊसतोडीला. हे सगळं आम्हाला वर्षाच्या सुरवातीलाच ठाऊक असतं. पण शेड्यूलमधी बारा महिने सारखेच सुतार असतात. मला आधी विचारलं असतं तर मी कॅलेंडर घेऊन बसलो असतो की.

खडी_वाळू

दादा तुमची पोस्ट दोनदा वाचली. खरंय, मी शेड्यूल केलं तेव्हा एकाही मुकादमाशी बोललो नव्हतो. प्रॉडक्टिव्हिटीचे आकडे मागच्या प्रोजेक्टवरून उचलले, आणि त्या साइटवर सेट अडीच होते हे आज कळतंय मला. निवृत्त_उपअभियंता सर, तुमचं गणित मालकांना तसंच्या तसं दाखवणार आहे.

दोह्याहून

मी कतारमध्ये आहे, मूळचा सांगलीचा. इथे प्रिमाव्हेरा सॉफ्टवेअरमध्ये हजारो अ‍ॅक्टिव्हिटींची शेड्यूलं असतात, तरी आठवड्याचं काम त्यावर चालत नाही. थोडं मागे जाऊन बघा, सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथची पद्धत, निघाली १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत, केमिकल प्लांट उभारणं आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवणं याच्या नियोजनासाठी, आणि तशीच पर्ट ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी. प्लांटच्या शटडाऊनला ते गणित चपखल बसतं, कशामागे काय आणि कुठे उशीर चालणार नाही ते कळतं. पण सुतारांची तीच टोळी मजल्यामागून मजला चढत जाते, तिला मध्ये रिकामं ठेवता येत नाही, ही गोष्ट क्रिटिकल पाथ आपणहून सांगत नाही. म्हणून मोठं शेड्यूल ठेवायचंच, टप्प्यांसाठी, खरेदीसाठी, पैशासाठी. पण साइट चालवायला त्याच्याखाली दुसरी पद्धत लागते.

आम्ही वापरतो ती लास्ट प्लॅनर, अमेरिकेतल्या ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी १९९० च्या दशकात मांडलेली. नाव असं कारण शेवटचा प्लॅन ठरवणारा म्हणजे मुकादम, फोरमन, जो उद्या सकाळी माणसं कुठे उभी करायची ते ठरवतो, आणि शब्द त्याच्याकडून घ्यायचा. आम्ही स्लॅब भरायच्या तारखेपासून उलटं मागे येतो. भिंतीवर मोठा कागद, प्रत्येक टोळीला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, काँक्रीट गुरुवारी हवं तर सळईचं चेकिंग बुधवारी, मग इलेक्ट्रिकवाला म्हणतो मला त्याआधी एक पूर्ण दिवस पाहिजे, मग सळईवाला फिटर म्हणतो खालची जाळी झाल्यावरच तुला देतो. हे भांडण साइटवर व्हायचं ते कागदासमोर होतं. पुढचे सहा आठवडे समोर ठेवतो आणि प्रत्येक कामाला विचारतो की उद्याच सुरू करायचं म्हटलं तर काय अडेल, ड्रॉइंग आलंय का, माल आलाय का, आधीचं काम संपलंय का, जागा मोकळी आहे का, परवानगी आहे का. जे अडेल त्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. ज्याचं काहीच अडत नाही तेच काम पुढच्या आठवड्याच्या यादीत जातं. आठवड्याच्या शेवटी फक्त मोजायचं, २० कामं सांगितली होती त्यातली पूर्ण किती झाली. १२ झाली तर पीपीसी ६०.

सुपरवायझर_बीड

पीपीसी म्हंजे ते सिमेंट नव्हं ना साहेब?

दोह्याहून

नाही दादा, नाव सारखं आहे फक्त. ठरवलेल्या कामांपैकी किती टक्के पूर्ण झाली तो आकडा. आणि यात अर्धवटला काही किंमत नाही, ८० टक्के झालेलं काम म्हणजे शून्य, कारण पुढची टोळी तिथे शिरू शकत नाही. जी ८ राहिली त्यांचं कारण लिहायचं, माणूस रागावायचा नाही. महिनाभर कारणं लिहिली की दिसतं, अर्ध्या वेळा ड्रॉइंगच उशिरा आलेलं असतं नाहीतर सळई कट-बेंड होऊन आलेली नसते, आणि शिव्या मात्र सुतार खात असतो.

मोजमाप

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे, नाशिकला. प्रगती मोजण्याबद्दल लिहिते कारण सगळ्यात जास्त फसवणूक, न कळत होणारी, तिथे होते. बऱ्याच कंपन्या बिलाच्या रकमेवरून टक्के काढतात. सळई आणि काँक्रीट महाग, त्यामुळे आरसीसी (स्लॅब-बीम-कॉलमचा सांगाडा) संपलं की कागदावर प्रोजेक्ट अर्ध्याच्या वर गेलेला दिसतो. पण कामं मोजली तर खरी गर्दी पुढेच असते, ब्लॉकवर्क, पाइपसाठी भिंती खाचणं, जिप्समचं प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, टाइल, खिडक्या, प्लंबिंग, रंग, प्रत्येकाचा वेगळा ठेकेदार आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायात. त्यामुळे शेवटचे टक्के इतके रेंगाळतात. मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते, आजपर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्ष मोजून किती रुपयांचं झालंय आणि त्यावर खर्च किती झालाय. नुसता खर्च बघून बजेटमध्ये आहोत म्हणणारे साहेब खूप भेटले, काम मागे असेल तर खर्च कमी दिसणारच ना.

आणि फिनिशिंगला टक्के लावायचेच नाहीत, फ्लॅट मोजायचे. १०४ नंबरच्या फ्लॅटचं जिप्सम झालं की नाही, हो किंवा नाही. दारामागे एक कागद चिकटवायचा, प्रत्येक काम झालं की पुढच्या ठेकेदाराने ताब्यात घेतल्याची सही. एवढ्या एका कागदाने आमच्याकडची निम्मी भांडणं संपली.

फ्लॅटची_वाट

मी बांधकामातला नाही, ग्राहक आहे. एका प्रोजेक्टमध्ये फ्लॅट घेतलाय, ताबा दीड वर्ष लांबलाय, भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय. स्लॅब इतके पटापट झाले की आम्ही दर रविवारी बघायला जायचो, बायको फोटो काढायची. शेवटचा स्लॅब झाल्यानंतर काम जवळपास थांबलं. तुम्ही लोक हे सगळं इतकं बारीक मोजता तर मग हे होतं कसं, मला खरंच समजून घ्यायचंय.

मोजमाप

दादा, तुमचा त्रास कळतो. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असेल पण एक गोष्ट सांगते. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात हप्त्यांच्या मर्यादा आहेत, करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. मग भिंती, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, आणि असं ५-१० टक्क्यांनी चढत ताब्याच्या वेळी शेवटचे ५. म्हणजे स्लॅब संपेपर्यंत ७० टक्के येतात आणि त्यानंतरचं सगळ्यात किचकट काम फक्त ३० टक्क्यांच्या ओढीवर चालतं. कंपनीचं रोखीचं नियोजन कच्चं असेल तर स्लॅब जोरात पळतात आणि फिनिशिंगला पैसा उरत नाही. रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए या तिघांच्या सर्टिफिकेटवर, कामाच्या प्रमाणातच काढता येतात. म्हणूनच मी वर म्हटलं की प्रगतीचा टक्का खरा मोजा, तो नुसता रिपोर्टचा आकडा नाही, त्यावर तुमच्यासारख्यांचे पैसे खात्यातून निघतात. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचे तिमाही अपडेट बघत जा, आणि ताबा लांबला तर कलम १८ खाली व्याज मागायचा हक्क आहे तुमचा.

निवृत्त_उपअभियंता

याला जोडून. काही कंपन्या दोन शेड्यूलं ठेवतात, एक बँकेसाठी नि रेरासाठी, एक साइटसाठी. कृपा करून असं करू नका. दोन तारखा झाल्या की खरेदीवाला एकीवर चालतो, साइट दुसरीवर, आणि खिडक्या येतात तेव्हा भिंती नसतात. तारीख जाहीर करतानाच पाऊस, सण, मजुरांची जा-ये धरून करा. मुदतवाढीसाठी कायद्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी कारणं दिलीत, दरवर्षीचा जून-जुलै त्यात येत नाही.

दादर_रिडेव्हलपमेंट

मुंबईतून लिहितोय. आमच्याकडे प्लॉटवर बिल्डिंग सोडून जागाच नसते, सळई उतरवली की मिक्सर उभा राहत नाही. त्यामुळे आमचं शेड्यूल मुळात गाड्यांचं शेड्यूल आहे. जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, म्हणून आरएमसी (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट) रात्री किंवा दुपारच्या फटीत. ९० घनमीटरचा स्लॅब म्हणजे ६ घनमीटरच्या १५ गाड्या, मध्ये एक अडकली तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा पडतो, म्हणून प्लांटवर दुसरा पर्याय आधीच बोलून ठेवलेला असतो. एम्पायर स्टेट बिल्डिंगचं उदाहरण मी नवीन पोरांना नेहमी देतो. १७ मार्च १९३० ला काम सुरू आणि १ मे १९३१ ला उद्घाटन, १०२ मजले, लोखंडी सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होता. मॅनहॅटनमध्ये माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून माल लागेल तसाच यायचा, आणि प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकून ढकलगाडीने जागेवर जायचा. कॉम्प्युटर नव्हता. कुठली वस्तू कधी, कुठल्या मजल्यावर हे आधी ठरलेलं होतं. आमचा गेटवरचा वॉचमन आता गाड्यांचं दिवसाचं वेळापत्रक घेऊन बसतो, न सांगता आलेली टाइलची गाडी परत पाठवायचा अधिकार त्याला दिलाय.

कोल्हापूरचा_ठेकेदार

आता फिनिशिंगचं मी सांगतो, हे लई लोक चुकतात. बारा मजले धरा. ब्लॉकवर्कवाला मजल्याला १२ दिवस घेतोय, जिप्समवाला ८. साहेब काय करतात, पहिल्या मजल्याचं ब्लॉकवर्क १२ व्या दिवशी झालं की जिप्सम चालू, मालक खूष. वीस दिवसात त्याचा मजला संपला, वर भिंती तयार न्हाईत, चार दिवस बसला. असं प्रत्येक मजल्याला चार, ११ वेळा, ४४ दिवस टोळी बसून. तो थांबतोय व्हय, तो पोरं दुसऱ्या साइटवर नेतो आणि मग तुमच्या साइटला माणसंच न्हाईत. आता उलटं करा. ब्लॉकवर्क बाराव्या मजल्यावर संपणार १४४ व्या दिवशी. जिप्समला तिथं १४४ ला पोचायचं तर खाली ५६ व्या दिवशी सुरू केलं तरी चालतंय. दोन्हीकडं शेवट १५२ व्या दिवशीच. पण दुसऱ्यात टोळी एकदा आली की सलग वर गेली, दर बी कमी लागला.

खडी_वाळू

हे लाइन ऑफ बॅलन्स आहे, कॉलेजात शिकलो होतो, कधी वापरलं नाही. पण ठेकेदार साहेब, ४४ दिवस मजले रिकामे पाहून मालक विचारणारच की काम का बंद आहे?

कोल्हापूरचा_ठेकेदार

विचारणार. तेव्हा त्यो तिरक्या रेघांचा कागद दाखवायचा, एका बाजूला मजले, एका बाजूला दिवस, प्रत्येक टोळीची एक रेघ. रेघा एकमेकीला छेदल्या की भांडण. आमच्या मालकाला चौथी पास मुकादमानं समजावून सांगितलं ते.

दोह्याहून

एक मतभेद नोंदवतो. ५६ व्या दिवशी सुरू केलं आणि ब्लॉकवर्क मध्येच पाच दिवस अडलं तर वरच्या मजल्यांवर जिप्सम थांबणार. मी थोडे दिवस मध्ये सोडतो, आणि सॅम्पल फ्लॅट मात्र अगदी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, पूर्ण करून घेतो. बाथरूमचा उतार, खिडकीचं माप, स्विचबोर्डची जागा, सगळ्या चुका एका फ्लॅटमध्ये सापडतात, नाहीतर त्या ४८ फ्लॅटमध्ये सापडतात.

कोल्हापूरचा_ठेकेदार

हे पटलं. आठवडाभर सोडावा मध्ये.

खडी_वाळू

मंडळी, दोन महिन्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला. मालकांना निवृत्त_उपअभियंता सरांचं गणित दाखवलं, त्यांनी अर्धा सेट आणि जास्तीचे प्रॉप भाड्याने आणले. सातवा स्लॅब १६ दिवसांत झाला, आठवा आणि नववा १३-१३. बारा अजून नाही, कारण फिटरची टोळी कमी पडतेय.

शनिवारी मीटिंग घ्यायला लागलो तर मुकादमांचं लक्ष लागेना, मग कळलं शनिवारी मजुरांना खर्ची (आठवड्याचा हातखर्च) वाटायची असते, माणसं दारात उभी असतात. आता गुरुवारी संध्याकाळी चारला घेतो, चहा-वडापावासकट, पाऊण तास. पहिल्या आठवड्यात पीपीसी ४५ आला, मला वाईट वाटलं. आता ७० च्या आसपास आहे. राहिलेल्या कामांची कारणं मांडली तर सगळ्यात जास्त वेळा कारण होतं आमच्याच ऑफिसमधून उशिरा गेलेलं ड्रॉइंग, म्हणजे ज्या सुतारांना मी दोष देत होतो त्यांची माफी मागितली, मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर. सहा आठवड्यांच्या यादीत एक मोठी गोष्टही सापडली, लिफ्टची ऑर्डर गेलीच नव्हती, आणि शाफ्टचं माप कंपनीकडून नक्की झालं नसतं तर वरचं मशिन रूमचं काम अडलं असतं.

मोठं शेड्यूल ठेवलंय पण साडेसहाशेचं १४० ओळींवर आणलं. भिंतीवरची प्रिंट काढली, तिथे आता तिरक्या रेघांचा कागद आहे, मुकादम स्वतः येऊन त्यांची रेघ रंगवतात.

आता पुढचा प्रश्न, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायला तुम्ही शेड्यूलमध्ये किती दिवस धरता?

कोल्हापूरचा_ठेकेदार

पाणी तीन दिवस. त्याआधी कोट वाळायला दोन, आणि गळालं तर दुरुस्ती करून परत तीन. मी आठ धरतो. आणि खालच्या फ्लॅटची किल्ली सुपरवायझरकडं ठेवा, सकाळ-संध्याकाळ छत हात लावून बघायचं.